नळीवरचे दात

मिस्त्रींच्या गॅरेजची फरशी कोरडी असायची आणि त्या कोरडेपणाचा त्यांना इतका अभिमान होता, की गिऱ्हाइकांनी त्यांचं नावच 'कोरडे मिस्त्री' पाडलं होतं. विम्याच्या एका माणसाने तर ते आडनाव समजून फॉर्मवर तसंच लिहिलं. मिस्त्रींनी ते खोडलं नाही, उलट तो फॉर्म चार दिवस टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. दुसऱ्या गॅरेजांत ऑइलची थारोळी साचलेली, त्यावर भुसा टाकलेला, त्या भुशात मेकॅनिक लोळतायत. आणि आमच्याकडे बघा, जमिनीवर बसून जेवा, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. जेवायला अर्थातच कोणी बसलं नव्हतं.

ब्रेकचं काम काढलं की या कोरडेपणाची खरी कसोटी लागते. चाकाजवळ कॅलिपर असतो. ब्रेक दाबला की त्याच्यातला पिस्टन ऑइलच्या जोराने पुढे येतो आणि चाकाची डिस्क पकडतो. हे ऑइल कॅलिपरपर्यंत एका रबरी नळीतून येतं. कॅलिपर काढला की नळीतून ऑइल ठिबकू लागतं. मिस्त्रींचा उपाय सोपा होता. ते नळीला वाइसग्रिप लावायचे, म्हणजे दातांची, एकदा दाबली की आवळूनच बसणारी पक्कड. नळी चिमटली की थेंबही खाली पडत नाही.

"दादा, रबर आतून फाटतं अशाने," त्यांचा धाकटा भाऊ सांगायचा. तोही याच गॅरेजात पंधरा वर्षं काम करत होता. "नळीच्या तोंडाला बूच लाव. नाहीतर खाली ट्रे ठेव."

असं कोणी म्हटलं की मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "मी पाना हातात धरला तेव्हा तू पाळण्यात होतास," ते म्हणायचे. धाकटा स्वतःच्या कामाला ट्रे घ्यायचा. एका छपराखाली दोन भावांच्या दोन पद्धती अशा पंधरा वर्षं गुण्यागोविंदाने नांदल्या.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला पाववाल्याची व्हॅन जॅकवर चढवलेली होती. पुढचं डावं चाक जाम झालं होतं, आणि जवळ हात नेला तरी धग लागत होती. तीन महिन्यांत ही व्हॅन तिसऱ्यांदा आली होती. पहिल्या खेपेला मिस्त्रींनी अडकलेला पिस्टन मोकळा करून दिला होता. दुसऱ्या खेपेला कॅलिपरच नवा बसवला होता. आणि आज तो नवा कोरा कॅलिपरसुद्धा चाक धरून बसला होता.

"मिस्त्री, माझ्या गाडीने तुमचं काय घोडं मारलंय?" पाववाला वैतागून म्हणाला.

"माल डुप्लिकेट निघाला असेल," मिस्त्री म्हणाले. आपण यात कुठे चुकलो असू, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

धाकटा चाकापाशी उकिडवा बसला. "एक मिनिट, दादा. निपल उघडून बघू." कॅलिपरच्या डोक्यावर हवा काढायचा एक छोटा स्क्रू असतो, त्याला निपल म्हणतात. त्याने खाली ट्रे सरकवला आणि स्क्रूला अर्धा आटा दिला. आत कोंडलेलं ऑइल पिचकारीसारखं उडालं. त्याने चाकाला एक बोट लावलं, आणि चाक गरगर फिरलं.

मिस्त्री बघतच राहिले. पिस्टन अडकला असता, तर ऑइल सोडल्याने चाक सुटलं नसतं. म्हणजे कॅलिपर चांगला होता. ब्रेक दाबल्यावर त्याच्यात गेलेलं ऑइल परत फिरत नव्हतं. वाटेत कुठेतरी अडत होतं.

धाकट्याने नळी काढली, टेबलावर ठेवली आणि ब्लेडने उभी चिरली. आतलं रबर एका जागी फाटून त्याची जिभेएवढी साल सुटली होती. पायाच्या जोराने ऑइल ती साल ढकलून पुढे जात असणार, आणि परत येताना तीच साल तोंडावर बसत असणार. त्या जागी नळीला बाहेरून दातांचे वळ होते. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला चार. मिस्त्रींच्या वाइसग्रिपचा एक दात गेल्या वर्षी तुटला होता.

पाववाला म्हणाला, "म्हणजे नक्की काय झालं?"

पण मिस्त्रींच्या डोक्यात आता व्हॅन नव्हतीच. परवाच त्यांनी सूनबाईच्या गाडीचे पुढचे दोन्ही कॅलिपर मोकळे केले होते. उजवा जाम झाला होता, तर लगे हाथ डावाही करून टाकला. दोन्ही नळ्यांना वाइसग्रिप लावला होता. गाडी जुनी, नळ्या तिच्याइतक्याच जुन्या. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं फिरवून त्यांनी किल्ली सुनेच्या हातात दिली होती आणि म्हणाले होते, "आता बिनधास्त जा."

मुलगा जहाजावर नोकरीला होता, सहा-सहा महिने पाण्यावर. त्यामुळे आज सकाळी सूनबाईच सासूला घेऊन डोंगरावरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेली होती. मिस्त्रींच्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. चढताना ब्रेकला काही काम नसतं. उतरताना मात्र चौदा किलोमीटर उतार होता, आणि त्यातली शेवटची दहा नुसती वळणं.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "त्या निघाल्या असतील का?"

मिस्त्रींनी सुनेला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग हॉस्पिटलात लावला. तिथल्या बाईंनी आधी पेशंटचं नाव विचारलं, मग वय विचारलं, मग कागद चाळले. मिस्त्रींना वाटलं, फोनमधून हात घालून ते कागद आपणच चाळावेत.

"त्या निघाल्या की," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटं झाली असतील. ऑपरेशन छान झालंय. फक्त धक्का बसू द्यायचा नाही, वाकायचं नाही. मागच्या सीटवर उशी लावून झोपवून नेलंय त्यांच्या सुनेने."

"तिचा फोन बंद येतोय हो."

"आत आम्हीच बंद करायला लावतो. चालू करायचा राहिला असेल."

धाकटा तोवर गॅरेजच्या जुन्या पिकअपमध्ये जाऊन बसलाही होता. मिस्त्री शेजारी चढले, आणि गॅरेज आपसूक पाववाल्याच्या ताब्यात गेलं.

गाव मागे पडलं. मिस्त्री मनातल्या मनात हिशेब मांडत होते. पहिले चार किलोमीटर उतार साधा, ब्रेक थोडाच लागेल. मग वळणं सुरू. प्रत्येक वळणाला ती ब्रेक दाबेल आणि पाय काढेल, पण डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड सुटणार नाहीत. डिस्क तापेल. तिची आच कॅलिपरमधल्या ऑइलला लागेल. ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, आणि वाफेवर ब्रेक लागत नाही. मग पाय थेट तळाला जातो. पुढची दोन्ही चाकं गेली तर मागच्या चाकांवर ती जुनी गाडी थांबणार नव्हती. हे सगळं त्यांना अगदी पाठ होतं. शिकाऊ पोरांना त्यांनीच किती वेळा सांगितलं होतं.

चढ लागला. पिकअपचं इंजिन कण्हू लागलं.

"बोल की," मिस्त्री एकदम म्हणाले.

"काय बोलू?"

"पंधरा वर्षं सांगत होतास ते. आता बोल."

"मी गाडी चालवतोय, दादा," धाकटा म्हणाला आणि त्याने गिअर खाली टाकला.

शिव्या खाल्ल्या असत्या तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. ते समोरून येणारी प्रत्येक गाडी डोळे फाडून बघत होते. एक बस गेली. एक ट्रक गेला. एका गाडीचा रंग तसाच निघाला आणि ते खिडकीतून बाहेर झुकले, पण ती दुसरीच होती. प्रत्येक वळणाला त्यांची नजर आधी रस्त्यावर जायची आणि मग, नको नको म्हणताना, कठड्याकडे. कठडा धड आहे असं दिसलं की ते पुढचं वळण बघायचे.

सहाव्या वळणाच्या अलीकडे आधी वास आला. जळक्या पॅडचा तो उग्र वास मिस्त्रींनी हजार वेळा घेतला असेल, पण घरच्या गाडीचा कधी नव्हता. मग हॉर्न ऐकू आला, न थांबता वाजणारा. आणि वळणावरून सूनबाईची राखाडी गाडी रस्त्याच्या मधोमध आली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. इंजिन किंचाळत होतं, म्हणजे पोरीने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली होती. शाबास, असं मिस्त्री मनात ओरडले. पण तरीही गाडी घसरत्या उतारावर वेग घेतच होती. ती शेजारून गेली तेव्हा त्यांना सुनेचा चेहरा क्षणभर दिसला. ओठ हलत होते. ती बोलत होती कोणाशी तरी.

"वळव!" मिस्त्री ओरडले.

"वळवतोच आहे."

रस्ता अरुंद. धाकट्याने पिकअप आडवी घातली, मागे घेतली, पुन्हा पुढे. तेवढ्यात मिस्त्री दार उघडून खाली उतरले आणि मागच्या उघड्या हौद्यात चढले. बंद पडलेल्या गाड्या ढकलायला पिकअपच्या मागे एक जुना टायर बांधलेला होता. धाकट्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. दोघांनी एवढी वर्षं एकत्र काम केलं होतं ते फुकट गेलं नव्हतं.

पिकअप उतारावरून सुटली. मिस्त्रींनी हौद्याची कड दोन्ही हातांनी धरली. एक वळण, दुसरं वळण, आणि समोर राखाडी गाडी. सूनबाईने हॉर्न थांबवून डाव्या कडेला घेतलं, तेवढ्या फटीतून धाकट्याने पिकअप पुढे काढली. त्याचा आरसा कड्याला घासून तुटला. कोणी तिकडे बघितलं नाही.

आता मिस्त्री तोंड मागे करून गुडघ्यांवर बसले होते आणि सून समोर काचेपलीकडे होती. दहा हातांवर. तिचे डोळे एवढे मोठे झालेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी दोन्ही तळवे वर केले आणि रोज गॅरेजात गाडी आत घेताना करायचे तशी खूण केली. येऊ दे. येऊ दे. सरळ. सरळ येऊ दे. तिने स्टिअरिंग सरळ धरलं. आठ हात. पाच हात. मागच्या सीटवर उशीवर टेकलेलं डोकं आणि डोळ्यावरची पांढरी पट्टी त्यांना दिसली. धक्का बसू द्यायचा नाही, असं त्या बाई म्हणाल्या होत्या.

"जरा पळव!" त्यांनी मागे न बघता धाकट्याला सांगितलं. "जवळ येतेय, पळव! आता सोड. सोड. हळू. अजून हळू."

धाकटा पायाच्या अंगठ्याने पिकअप नाचवत होता. राखाडी गाडीचा बंपर टायरला टेकला तेव्हा मिस्त्रींना ते आवाजाने नाही, हौद्याच्या तळाला आलेल्या हलक्याशा कंपाने कळलं. त्यांनी उजवा तळवा सावकाश खाली नेला. धाकट्याने तेवढ्याच सावकाश ब्रेक दाबायला घेतला. दोन गाड्यांचा भार एका पिकअपच्या ब्रेकवर आला, तिची मागची चाकं कुरकुरली, थोडी घसरली, पुन्हा धरली. सुनेने हँडब्रेक एकेक दात करत वर ओढला. पुढचं वळण जवळ येत होतं, त्याचा पांढरा कठडा मिस्त्रींना पाठीला जाणवत होता. आणि मग सगळं थांबलं. कठडा गाडीभर अंतरावर होता.

धाकट्याने उडी मारून राखाडी गाडीच्या चाकांना दगड लावले. मिस्त्री हौद्यातून उतरले. ते पिकअपला टेकून उभे राहिले.

सूनबाई स्टिअरिंग धरून बसली होती. तिने मान वळवली नाही. फक्त मागे ऐकू जाईल असं, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "आई, थांबलो हं आपण. डोळे मिटलेलेच असू द्या."

तेव्हा मिस्त्रींना समजलं की ती मघाशी कोणाशी बोलत होती. ब्रेक गेल्यापासून ती सासूला सांगत असणार, आई, वळणं आहेत, म्हणून हॉर्न वाजवतेय. आई, इंजिन जुनं आहे, असाच आवाज करतं. सासूला पत्तासुद्धा लागू दिला नव्हता तिने.

धाकटा पुढच्या चाकामागे वाकून बघत होता. त्याने नळी पाहिली, तिच्यावरचे वळ पाहिले. मग तो उठला, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कॅलिपर पुन्हा धरले, दादा. जुना माल, कोण काय करणार." असं म्हणून त्याने थोरल्या भावाकडे पाहिलं आणि चटकन नजर दुसरीकडे वळवली.

मिस्त्रींना क्षणभर वाटलं, देवच पावला. एवढंच म्हणायचं होतं. जुना माल. सगळे मान डोलावतील, घरी जातील, चहा पितील.

"कोण आलंय?" मागून आवाज आला. "अहो, तुम्ही आहात का?"

मिस्त्रींनी मागचं दार उघडलं. बायको उशीवर टेकून पडली होती, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला. त्यांचा हात हाताला लागल्यावर तिचा चेहरा उजळला.

"अगं बाई! मला घ्यायला आलात?" ती म्हणाली. "एवढ्या वर? गॅरेज कोणावर टाकलंत?"

"पाववाल्यावर."

ती हसायला लागली आणि डोकं हलू नये म्हणून हसू दाबायला लागली. "ऐकलंस का गं सूनबाई? बत्तीस वर्षं झाली लग्नाला. बाळंतपणाला सुद्धा हे मला न्यायला आले नव्हते. कोणाच्या तरी गाडीचा क्लच उघडून ठेवला होता म्हणे. आणि आज बघ." तिने त्यांचा हात घट्ट धरला. "एका डोळ्यात एवढं होतं, तर दोन्ही डोळे आधीच करून घेतले असते मी."

त्यांना वाटलं, हिला हे असंच राहू द्यावं. बत्तीस वर्षांत हिला दिलेलं काय आहे आपण, तर ही एक दुपार, तीही चुकून. ती परत कशाला घ्यायची. धाकटा तिकडे दगड पायाने उगाचच सरकवत होता. त्याने तर वाट करून दिलीच होती.

"घ्यायला नाही आलो," मिस्त्री म्हणाले.

"मग?"

"गाडीचे ब्रेक गेले होते. आत्ता, वळणावर. ही पोर तुला बोलली नाही. तुम्ही दोघी गेला असतात." त्यांना थांबावंसं वाटलं, पण थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही हेही कळत होतं. "माझ्यामुळे. परवा मी नळ्या चिमटवल्या, त्या आतून फाटल्या. कॅलिपरचा दोष नाही. हा मला पंधरा वर्षं सांगत होता. मी ऐकलं नाही."

बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं आणि मग हळूहळू विझलं. तिने हात सोडला नाही, पण पकड सैल झाली.

"हे तुम्ही तिला सांगितलंत?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"मग मला कशाला आधी सांगता? गाडी ती चालवत होती."

मिस्त्री पुढच्या दाराशी गेले. सूनबाईची बोटं अजून स्टिअरिंगवरच होती, पांढरी पडलेली. तिने सगळं ऐकलं होतं, तरी त्यांनी तिला ते पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, तिच्याकडे बघून, एकही शब्द गाळला नाही.

तिने एकेक बोट स्टिअरिंगवरून सोडवलं.

"सकाळी आई घाबरल्या होत्या," ती शेवटी म्हणाली. "म्हणाल्या, एवढा घाट, जुनी गाडी. मी त्यांना म्हटलं, बाबांनी हात लावलाय, आता कसली काळजी." तिचा आवाज तिथे फुटला. "खाली येताना पण मी मनात तेच म्हणत होते. प्रत्येक वळणाला. बाबांनी केलंय, लागेल, आता लागेल. पाय तळाला जात होता आणि मी तेच म्हणत होते."

मिस्त्रींनी दार उघडलं आणि हात पुढे केला. तिने तो धरला नाही. ती स्वतःच्या पायांवर उतरली, गाडीला टेकून थोडा वेळ उभी राहिली आणि ओढणीने तोंड पुसलं.

मग तिने धाकट्याला हाक मारली. "काका, आईंना पिकअपमध्ये पुढे बसवू या. तुम्ही चालवा. मी त्यांचं डोकं धरून बसते."

"आणि दादा?" धाकट्याने विचारलं.

तिने मिस्त्रींकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता आणि तो लपवायचं तिने काही कारण ठेवलं नव्हतं.

"मी इथे गाडीपाशी थांबतो," मिस्त्रीच म्हणाले. "तुम्ही निघा. हळू न्या."

तिघांनी मिळून बायकोला उशीसकट अलगद उचललं आणि पिकअपमध्ये बसवलं. निघताना तिचा हात उघड्या खिडकीपाशी हवेत चाचपडू लागला. मिस्त्री पुढे झाले, पण तो हात काच वर करायचा दांडा शोधत होता. त्यांनी आत हात घालून तिचा हात त्या दांड्यावर ठेवला आणि ते बाजूला झाले.